असीरियाचे राजे: भिंतीवर सिंह मारणारे आणि पत्रांत घाबरलेले

असीरियन राजांचा विषय निघाला की दोन मिनिटांत बोलणं क्रूरपणावर येतं. बंडखोरांची कातडी सोलून शहराच्या भिंतीवर पसरली, मुंडक्यांचे ढीग रचले, अख्खी गावं उचलून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवली, वगैरे वगैरे. हे खरंच आहे आणि ते शत्रूंनी बदनामी म्हणून लिहिलेलं नाही, या राजांनी स्वतःच दगडात कोरून घेतलंय, मोठ्या अभिमानाने. ती बाजू सौम्य करून सांगण्यात मला काही रस नाही. पण गेली काही वर्षं या लोकांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि जितकं वाचतो तितकी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसत जाते, की सगळ्या जगाला धाकात ठेवणारा हा राजा स्वतः प्रचंड भीतीत जगत होता. चंद्राची भीती, भावांची भीती, स्वतःच्या अधिकाऱ्यांची भीती, रथाखालून पळालेल्या मुंगसाचीसुद्धा भीती. आज त्याबद्दलच लिहायचंय.

थोडी पार्श्वभूमी आधी. असीरिया म्हणजे आजच्या इराकचा उत्तर भाग, टायग्रिस नदीच्या काठचा. मूळ शहराचं नाव अश्शूर, तिथल्या देवाचं नाव अश्शूर, आणि देशाचं नावही त्यावरूनच. पुढे राजधान्या बदलत गेल्या, कालहू (म्हणजे आजचं निमरूद), मग दूर-शारुकिन (आजचं खोरसाबाद), मग निनवे, जिचे ढिगारे आज मोसुल शहरात आहेत. इ.स.पू. नवव्या ते सातव्या शतकात हे साम्राज्य वाढत वाढत इराणच्या डोंगरांपासून थेट इजिप्तपर्यंत पोचलं. आता गंमत बघा, इतक्या मोठ्या राज्याचा राजा तत्त्वतः राजा नव्हताच. राज्याभिषेकाच्या विधीत पुजारी घोषणा द्यायचा, "अश्शूर राजा आहे, अश्शूर राजा आहे!" म्हणजे खरा राजा देव, सिंहासनावर बसलेला माणूस हा त्याचा कारभारी. कारभाऱ्याने मालकाला हिशोब द्यायचा असतो, म्हणून दुसऱ्या सार्गोनने इ.स.पू. ७१४ मध्ये उरार्तूवर (उत्तरेकडचं डोंगराळ शेजारी राज्य) स्वारी केली त्याचा सगळा वृत्तांत चारशेहून जास्त ओळींच्या पत्रात लिहिला आणि ते पत्र चक्क अश्शूर देवाच्या नावाने आहे. कुठून निघालो, कुठला डोंगर चढलो, कुठलं देऊळ लुटलं, सगळं. मला हे पत्र फार आवडतं कारण त्यात लढाईइतकीच डोंगराची, धबधब्यांची, जंगलाची वर्णनं आहेत.

तर भीतीकडे येण्याआधी रुबाब बघू, कारण तो बघितल्याशिवाय फरक कळणार नाही.

दुसऱ्या अश्शूरनासिरपालने (राज्यकाळ इ.स.पू. ८८३ ते ८५९) कालहूला नवा राजवाडा बांधला. दाराशी लामासू, म्हणजे माणसाचं डोकं, बैलाचं किंवा सिंहाचं धड आणि मोठे पंख असलेले राखणदार. यांना पाय पाच. समोरून बघितलं तर शांत उभे असलेले दिसतात आणि बाजूने बघितलं तर चालताना दिसतात, दोन्हीकडून चित्र पूर्ण वाटावं म्हणून कारागिरांनी एक पाय जास्तीचा कोरला. आत गेलं की भिंतीभर दगडी शिल्पपट, राजा, पंखवाले देवदूत, पवित्र झाड, पुन्हा राजा. आणि सगळ्यांच्या अंगावरून, म्हणजे अक्षरशः राजाच्या कपड्यांवरून, हातांवरून, क्यूनिफॉर्म लिपीतला (खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची लिपी) तोच एक मजकूर पुन्हा पुन्हा कोरत नेलाय, मी अश्शूरनासिरपाल, महान राजा, बलवान राजा, विश्वाचा राजा. वाचायला कोण येणार होतं? बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पण ते तिथे असणं महत्त्वाचं.

हा वाडा पूर्ण झाल्यावर त्याने जेवण घातलं. त्याचा शिलालेख सापडलाय आणि त्यात आकडे दिलेत, ते वाचून मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला होता. सगळ्या देशातून बोलावलेली माणसं, पुरुष आणि बायका मिळून ४७,०७४, परदेशांतून आलेले दूत ५,०००, कालहूचे रहिवासी १६,०००, वाड्यातले अधिकारी १,५००. बेरीज ६९,५७४, आणि शिलालेखातही तीच दिलीय, म्हणजे कारकुनाने हिशोब नीट केला होता. दहा दिवस जेवणावळी. १४,००० मेंढ्या, १०,००० कबुतरं, १०,००० अंडी, बिअरचे १०,००० रांजण, वाइनच्या १०,००० पखाली, आणि वाळवंटातले उड्या मारणारे उंदीर, जर्बोआ, तेही १०,०००. शेवटी लिहिलंय की मी सगळ्यांना जेवू घातलं, प्यायला दिलं, अंघोळ घातली, तेल लावलं, मान दिला आणि आनंदाने आपापल्या घरी परत पाठवलं. याच राजाच्या दुसऱ्या लेखांत कातडी सोलण्याची वर्णनं आहेत. एकच माणूस, एकच कारकुनी थाट.

आणि सिंह. अश्शूरबनिपालचे सिंहाच्या शिकारीचे शिल्पपट निनवेच्या उत्तर राजवाड्यात होते, इ.स.पू. ६४५ च्या आसपासचे, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सिंह मारणं हा राजाचा हक्क आणि राजाचं काम, राजमुद्रेवरसुद्धा तेच चित्र, राजा उभा आणि समोर मागच्या पायांवर उठलेला सिंह, राजाने त्याच्या छातीत तलवार खुपसलेली. शिल्पपटात नीट बघितलं तर एका कोपऱ्यात लाकडी पिंजरा दिसतो, पिंजऱ्याच्या वर छोट्या आडोशात बसलेला एक पोरगा दार वर ओढतोय आणि सिंह बाहेर येतोय. म्हणजे सिंह आधीच पकडून आणलेले, सभोवती ढाली धरून सैनिक, आणि मधे राजा. ठरवून केलेला सोहळा होता तो. पण ज्या कारागिराने ती बाणांनी जखमी झालेली सिंहीण कोरली, मागचे पाय लुळे पडलेत आणि ती पुढच्या पायांवर अंग ओढत अजून डरकाळी फोडतेय, त्या कारागिराला सिंहिणीबद्दल काहीतरी वाटलं होतं असं मला दर वेळी वाटतं. राजाचा चेहरा सगळीकडे तसाच, कोरलेल्या दाढीचा, शांत. एकही भाव नाही. सिंहांचे मात्र प्रत्येकाचे चेहरे वेगळे.

हा झाला दगडावरचा राजा. आता मातीच्या पाट्यांवरचा.

निनवेच्या ढिगाऱ्यात एकोणिसाव्या शतकात खोदताना लेयार्ड आणि रस्सम यांना हजारो मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यात ग्रंथ होते, पण राजाला आलेली पत्रंही होती. ज्योतिषांची, वैद्यांची, मांत्रिकांची, हेरांची. त्यातला मोठा भाग एसारहद्दोन आणि त्याचा मुलगा अश्शूरबनिपाल या दोघांच्या काळातला. ही पत्रं वाचली की दगडावरच्या त्या कोऱ्या चेहऱ्यामागे कोण बसलं होतं ते दिसायला लागतं.

एसारहद्दोनची भीती समजून घ्यायची तर त्याच्या आजोबापासून सुरुवात करावी लागते. आजोबा म्हणजे तोच सार्गोन, देवाला पत्र लिहिणारा. त्याने दूर-शारुकिन नावाची कोरी करकरीत राजधानी बांधली, इ.स.पू. ७०६ मध्ये तिचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच वर्षी ताबालच्या मोहिमेवर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, लढाईत मारला गेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. असीरियन राजासाठी यापेक्षा वाईट काही नाही, कारण राजवाड्यात नीट दफन नाही तर आत्म्याला अन्नपाणी नाही, तो भटकत राहणार. मुलगा सेनाखेरिब गादीवर आला आणि त्याने बापाचं ते नवंकोरं शहर सोडून राजधानी निनवेला हलवली. स्वतःच्या शिलालेखांत बापाचं नाव घेणं जवळजवळ टाळलंच. एक मजकूर आहे, सेनाखेरिबच्या तोंडी घातलेला, त्यात तो शकुन बघणाऱ्यांना विचारतोय की माझ्या बापाने असं काय पाप केलं होतं. हा प्रश्न त्या घराण्याला पुढे सुटलाच नाही.

सेनाखेरिब बांधकामात प्रचंड हुशार, निनवेला पाणी आणायला कालवे खोदले, जेरवानला दगडी जलसेतू बांधला ज्याला वीस लाखांच्या वर दगड लागले असा अंदाज आहे. पण वारसाच्या बाबतीत त्याने घोळ घातला. थोरला मुलगा एलामच्या, म्हणजे आजच्या नैऋत्य इराणमधल्या, लोकांनी पळवून नेला, मग दुसरा अर्दा-मुलिस्सी बराच काळ युवराज होता, आणि मग त्याला बाजूला करून धाकट्या एसारहद्दोनला युवराज केलं. अर्दा-मुलिस्सीने इ.स.पू. ६८१ मध्ये बापाला मारलं. या कटाबद्दल एक पत्र आहे, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. एका माणसाला कटाची बातमी कळते, तो राजाकडे दाद मागायला जातो. दोन अधिकारी त्याला विचारतात की तुझी तक्रार कुणाबद्दल आहे. तो म्हणतो अर्दा-मुलिस्सीबद्दल. ते त्याच्याच कपड्याने त्याचं तोंड झाकतात आणि नेऊन उभं करतात, तर कुणासमोर, खुद्द अर्दा-मुलिस्सीसमोर. आणि सांगतात, तुझी विनंती मान्य झालीय, बोल तुझ्या तोंडाने. डोळे झाकलेला माणूस समोर राजा आहे असं समजून म्हणतो, "तुमचा मुलगा अर्दा-मुलिस्सी तुम्हाला मारणार आहे." मग तोंडावरचं कापड काढतात. त्याची चौकशी होते आणि त्याला मारून टाकतात. कापड निघालं तेव्हा त्याला काय दिसलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

तर असा बाप मारला गेलेला, भावांशी लढून गादी मिळवलेला एसारहद्दोन. त्याला स्वतःच्या घरातलं कोण कधी उलटेल याची खात्री कशी वाटणार? त्याने सूर्यदेव शमाशला विचारलेले प्रश्न मातीच्या पाट्यांवर शिल्लक आहेत. पद्धत अशी, प्रश्न लिहायचा, मेंढा कापायचा, त्याच्या काळजावरच्या खुणा वाचायच्या, उत्तर हो किंवा नाही. प्रश्न मोहिमेबद्दलचे असतात, आणि कितीतरी वेळा असेही, की अमुक माणसाला अमुक पदावर नेमू का, तो राजाविरुद्ध उठेल का, दाढीवाले अधिकारी, खोजे अधिकारी, राजाचे पहारेकरी यांच्यापैकी कोणी बंड करेल का. लांबलचक यादी देतात म्हणजे कोणी सुटायला नको. (शिल्पांत बिनदाढीचे जे गुळगुळीत चेहऱ्याचे अधिकारी दिसतात ते खोजे, त्यांना मुलंबाळं नसणार म्हणून ते राजाला जास्त भरवशाचे वाटायचे, तरी त्यांचीही चौकशी.) आणि प्रत्येक प्रश्नात एक भाग ठरलेला असतो, देवा, या मेंढ्यात काही खोट असेल तर मनावर घेऊ नकोस, मेंढ्याला हात लावणाऱ्याने रोजचे मळके कपडे घातले असतील तर मनावर घेऊ नकोस. देवाला विचारतानाही विचारण्यात चूक होईल याची धास्ती.

दरबारात बलासी नावाचा एक विद्वान होता, पुढे युवराजाचा शिक्षकही झाला. त्याला राजाने विचारलंय, "माणसाच्या पायांमधून काही निघून गेलं तर" असा जो अपशकुन ग्रंथात दिलाय तो रथाखालून काही निघून गेलं तर लागू होतो का? रथाखालून मुंगूस पळालं होतं. बलासी उत्तर देतो, हो, होतो. आता विचार करा, इजिप्त जिंकायच्या तयारीत असलेला माणूस रथ थांबवून मुंगसाकडे बघत बसलाय. हसण्यासारखं यात काही आहे असं मला वाटत नाही, ज्याचा बाप घरातल्या माणसाने मारलाय त्याला प्रत्येक छोट्या गोष्टीत इशारा दिसणारच.

पण बलासी नुसता होयबा नव्हता आणि म्हणून तो मला आवडतो. एकदा हारिहुंबा नावाच्या ठिकाणी शेतावर वीज पडली, राजाने घाबरून लगेच विचारलं. बलासी लिहितो, महाराज संकट शोधत का फिरतात आणि तेही शेतकऱ्याच्या घरात का? राजवाड्यात काही वाईट नाहीये, आणि हारिहुंबाला महाराज कधी गेलेच कुठे होते? दुसऱ्या एका पत्रात दरबारातले पंडित राजाला जवळजवळ रागावतातच. राजा दुःखात जेवतच नाहीये, तर ते लिहितात, एक दिवस उपाशी राहिलात ते पुरे नाही का, आज तिसरा दिवस झाला, राजाने काय भिकाऱ्यासारखं राहायचं का? पृथ्वीवरच्या सगळ्यात ताकदवान माणसाला कोणीतरी जेवा म्हणून विनवतंय. राणी एशार्रा-हम्मात इ.स.पू. ६७२ च्या सुमारास वारली. त्या काळातली बाकीची पत्रं वाचतानाही हा माणूस खचलेला आहे हे जाणवत राहतं.

शिवाय तो सतत आजारी. ताप, अशक्तपणा, अंगावर पुरळ. त्याच्या एका वैद्याने, उराद-नानायाने, लिहिलंय की महाराज मला सारखे म्हणतात, माझ्या या दुखण्याचं स्वरूप काय ते तू का ओळखत नाहीस, त्यावर इलाज का करत नाहीस. मग तो लेप आणि ताईत सुचवतो. एका मांत्रिकाकडे राजाने तक्रार केलीय की हातापायांत जोर नाही, डोळे उघडवत नाहीत, आणि तो धीर देतो की ताप हाडात रेंगाळलाय म्हणून तसं होतंय, गंभीर नाही. मांत्रिक अदाद-शुमू-उसूर याच्या पत्रात एक म्हण येते, माणूस ही देवाची सावली, गुलाम ही माणसाची सावली, पण राजा म्हणजे देवाचं हुबेहूब रूप. देवाचं हुबेहूब रूप असलेल्या माणसाला डोळे उघडवत नाहीत ही बातमी बाहेर फुटली तर काय होईल, हा विचार त्या दरबारात प्रत्येकाच्या मनात असणार.

आता चंद्रग्रहण. हा सगळ्यात विलक्षण भाग.

असीरियात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव दिलं जायचं, आणि त्या याद्यांत कधी कधी त्या वर्षात काय घडलं तेही लिहायचे. बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षात एकाच नोंदीत दोन गोष्टी आहेत, अश्शूर शहरात बंड आणि सूर्यग्रहण. हे ग्रहण १५ जून इ.स.पू. ७६३ चं असं खगोलगणिताने निघालं आणि त्या एका तारखेला धरून असीरियाच्या राजांची सगळी कालगणना बसवली गेली. म्हणजे आज आपण जी वर्षं इतक्या बिनधास्त लिहितो ती या नोंदीमुळे. आणि बंड आणि ग्रहण शेजारी शेजारी लिहिणं हे त्यांच्या दृष्टीने सहज होतं, आकाशात राजावर सावली आली की खाली राजावर संकट.

चंद्रग्रहणाचं शास्त्र जास्त बारीक होतं. चंद्राचे भाग वेगवेगळ्या देशांना वाटून दिलेले, सावली कुठल्या भागावर पडली त्यावरून कुठल्या देशाचा राजा मरणार ते ठरायचं. त्या वेळी आकाशात गुरू दिसत असेल तर राजा वाचला. नसेल तर मरण नक्की, फक्त ते दुसऱ्या कोणावर तरी ढकलता येतं. म्हणून बदली राजा. कोणीतरी माणूस शोधायचा, त्याला राजाचे कपडे घालायचे, सिंहासनावर बसवायचं, एक मुलगी राणी म्हणून द्यायची, खायला प्यायला घालायचं, तेल लावायचं, आणि सगळे अपशकुन त्याच्यासमोर म्हणून त्याच्या नावावर करायचे. जास्तीत जास्त शंभर दिवस. या काळात खरा राजा वाड्यात लपून राहायचा आणि त्याला पत्र लिहिताना राजा म्हणायचं नाही, "शेतकरी" म्हणायचं. अशी पत्रं खरंच आहेत, "माझे स्वामी शेतकरी यांना" अशी सुरुवात असलेली. राज्यकारभार त्याच्याचकडे चालू. मुदत संपली की बदली राजा आणि त्याची राणी दोघांना मारायचं. पत्रांत "मारलं" असं लिहीत नाहीत, तो आपल्या नशिबाला गेला असं लिहितात.

हे नुसतं ग्रंथातलं नाही. मार-इस्सार नावाचा राजाचा माणूस बाबिलोनियातून, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधून, कळवतो की अक्कद शहरच्या देवस्थानाच्या मुख्य कारभाऱ्याचा मुलगा दम्की हा बदली राजा होता आणि तो मेला. म्हणजे या खेपेला कुठला कैदी किंवा गरीब बिचारा नव्हता, मोठ्या घरातला मुलगा होता. पत्रात असंही आहे की एका भविष्य सांगणाऱ्या बाईने आधीच दम्कीला सांगितलं होतं, तू राजा होशील. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं कोण जाणे. मार-इस्सार लिहितो, आम्ही त्यांच्यासाठी थडगं बांधलं, त्याला आणि त्याच्या राणीला सजवलं, सगळ्यांना दाखवलं, पुरलं, त्यांच्यासाठी शोक केला. अक्कदचे लोक घाबरले होते, आम्ही त्यांना धीर दिला, ते शांत झाले. बस, एवढंच. त्या मुलीचं तर नावसुद्धा दिलेलं नाही. कोण होती, कुठून आणली, तिला काय सांगून बसवलं होतं, काही नाही. मला साम्राज्याच्या सगळ्या कत्तलींच्या वर्णनांपेक्षा या दोन ओळी जास्त लागल्या, कारण कत्तली फुशारकी मारत लिहिल्यात आणि इथे एक सज्जन, काम चोख करणारा अधिकारी शांतपणे अहवाल देतोय.

एवढं करूनही भीती गेली नाही आणि दर वेळी ती खोटी होती असंही नाही. त्याच सुमारास हर्रान शहराजवळ एका दासीच्या अंगात आलं आणि ती म्हणाली की नुस्कू देवाचं वचन आहे, राज्य सासीचं (हा राजाविरुद्ध उभा केलेला माणूस), सेनाखेरिबचं नाव आणि बीज मी नष्ट करीन. ही खबर राजापर्यंत पोचली. इ.स.पू. ६७० मध्ये काय झालं ते बाबिलोनच्या इतिवृत्तात एका ओळीत आहे, असीरियात राजाने आपल्या पुष्कळ सरदारांना तलवारीने मारलं. लक्षात घ्या, आदल्याच वर्षी, ६७१ मध्ये, याच राजाने इजिप्तची राजधानी मेम्फिस जिंकली होती. यशाच्या शिखरावर असताना आपल्याच माणसांची कत्तल.

आपल्या मागे पुन्हा भावाभावांत रक्त सांडू नये म्हणून एसारहद्दोनने इ.स.पू. ६७२ मध्ये सगळ्यांकडून शपथ घेतली. अश्शूरबनिपाल असीरियाचा राजा होणार, दुसरा मुलगा शमाश-शुम-उकिन बाबिलोनचा. या शपथेचा मजकूर साधारण पावणेसातशे ओळींचा आहे आणि त्यातला बराचसा भाग नुसते शाप. युवराजाविरुद्ध काही वाईट ऐकलं, मग ते भावाकडून असो, काकाकडून असो, भविष्यवाल्याकडून असो, लपवायचं नाही, येऊन सांगायचं. आणि मोडलीत शपथ तर, मध जसा गोड लागतो तसं तुमच्या बायकामुलांचं रक्त तुमच्या तोंडाला गोड लागो. शपथेच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला नाबू देवाच्या मंदिराच्या आवारात तुकड्या तुकड्यांत सापडल्या, आणि आणखी एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तयिनातला मिळाली. एसारहद्दोन ६६९ मध्ये पुन्हा इजिप्तकडे जाताना वाटेत वारला, आणि मग त्याची आई नाकिया हिने परत एकदा सगळ्यांकडून नातवासाठी शपथ घेतली. बायको, आई, आजी अशा सगळ्या भूमिकांत ही बाई तीन राजांच्या काळात टिकून राहिली.

राजघराण्यातल्या बायकांचा विषय मोठा आहे, १९८८ पासून निमरूदच्या वाड्याखाली राण्यांची थडगी सापडली त्यांतलं सोनं बघून थक्क व्हायला होतं, पण मी इथे फक्त एका पत्राचा उल्लेख करतो. एसारहद्दोनची मुलगी शेरूआ-एतेरात आपल्या भावजयीला, म्हणजे अश्शूरबनिपालची बायको लिब्बाली-शर्रात हिला लिहिते, तू तुझी पाटी का लिहीत नाहीस, गृहपाठ का करत नाहीस? लोक काय म्हणतील, ही शेरूआ-एतेरातची बहीण का? आणि पुढे ठणकावून आठवण करून देते की मी राजाची थोरली मुलगी, तू नुसती सून. नणंद-भावजय सुमारे २,७०० वर्षांपूर्वीही तशीच! आणि राजवाड्यातल्या सुनेनेही लिहायला वाचायला शिकलंच पाहिजे ही अपेक्षा होती हे त्यात सहज कळून जातं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

अश्शूरबनिपाल स्वतः शिकलेला. शिकारीच्या शिल्पांत त्याच्या कमरपट्ट्यात लेखणी खोचलेली दिसते, सिंह मारतानासुद्धा. तो अभिमानाने म्हणतो की मी प्रलयापूर्वीचे लेख वाचलेत. त्याच्या ग्रंथालयातल्या पाट्या आणि तुकडे मिळून ३०,००० च्या वर ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, गिल्गमेशचं महाकाव्य आपल्याला मिळालं ते मुख्यतः तिथूनच. पण त्या संग्रहात काय आहे हे बघितलं तर शकुनांचे ग्रंथ, काळजावरच्या खुणांचे ग्रंथ, ग्रहणांचे ग्रंथ, संकट टाळायचे विधी आणि मंत्र यांचा फार मोठा वाटा आहे. माझं मत असं की हे ग्रंथालय बापाच्या त्या भीतीतूनच उभं राहिलं. राजाला स्वतःला वाचता आलं म्हणजे ज्योतिषी काय लपवतोय ते कळेल. विद्येची आवडही होती, नक्की होती, पण विद्या म्हणजे त्या घरात जिवंत राहायचं साधन होतं.

आणि शपथेचं काय झालं? इ.स.पू. ६५२ मध्ये शमाश-शुम-उकिनने भावाविरुद्ध बंड केलं. चार वर्षं युद्ध, बाबिलोनला वेढा, भयानक उपासमार, ६४८ मध्ये शहर पडलं आणि तो आगीत मेला. बापाने ज्याच्यासाठी शेकडो ओळींचे शाप लिहून घेतले तेच झालं. बागेतल्या मेजवानीचं ते प्रसिद्ध शिल्प याच सुमाराचं, राजा मंचकावर टेकून वाइन पितोय, समोर राणी, वाद्यं वाजतायत, द्राक्षांचे वेल, आणि बाजूच्या झाडाला एलामचा राजा तेउम्मान याचं कापलेलं मुंडकं टांगलेलं. सगळं सुख आणि सगळी जरब एकाच चौकटीत. आणि याच अश्शूरबनिपालच्या नावाचा एक विलाप आहे, त्यात तो विचारतो, मी देवाचं आणि माणसांचं, मेलेल्यांचं आणि जिवंतांचं सगळ्यांचं भलं केलं, मग मला आजार, दुःख, हानी का चिकटलीय, देशात भांडण आणि घरात कलह का सुटत नाही? त्याच्या आजोबाच्या तोंडचा प्रश्न होता की बापाने काय पाप केलं, नातवाच्या तोंडी तो स्वतःबद्दल आलाय.

इ.स.पू. ६१४ मध्ये मीडियन लोकांनी (इराणच्या डोंगराळ भागातले) अश्शूर शहर घेतलं, ६१२ मध्ये मीडियन आणि बाबिलोनी मिळून निनवे. वाड्यात शिरलेल्यांनी वेळ काढून शिल्पांतले चेहरे फोडले. लाखीश हे यहूदा राज्यातलं शहर जिंकल्याच्या शिल्पात सेनाखेरिबचा चेहरा छिन्नविछिन्न केलेला आहे, मेजवानीच्या शिल्पात राजाराणीचेही चेहरे बिघडवलेत. म्हणजे आत येणाऱ्यांना कुठला माणूस कोण हे बरोबर माहीत होतं.

यातली पत्रं कोणाला वाचायची असतील तर इंग्रजी भाषांतरासकट ऑनलाइन फुकट उपलब्ध आहेत, आणि माझी कळकळीची विनंती आहे की शिलालेखांपासून सुरू करू नका, तिथे एकच राजा परत परत भेटतो आणि कंटाळा येतो. बलासीपासून सुरू करा, मग अदाद-शुमू-उसूर, मग मार-इस्सारचे बाबिलोनियातले अहवाल. मधे मधे पाटी तुटलेली असते, वाक्य अर्ध्यात जातं, त्याची सवय होते. पुढच्या पोस्टमध्ये नाकियाबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलंय, तिच्याबद्दल एवढं आहे की ते इथे दोन ओळींत उरकणं मलाच पटत नव्हतं.